फळ्यांच्या चळतीवरची अभ्यासिका

रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा आम्ही पत्रकं काढली, मोर्चा काढला, निवेदनं दिली, निवेदनांच्या पोचा घेतल्या आणि पोचांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. झाडं तरीही पडली. पडली तीही अशा वेळी की आमच्यातलं कुणी तिथं नव्हतं. आम्ही सगळे त्याच झाडांची पत्रकं वाटायला स्टेशनच्या पलीकडे गेलो होतो.

परत आलो तर रायपूरच्या गुढियारी भागातला आमचा रस्ता ओळखू येईना. घरं एकदम बुटकी वाटायला लागली होती. ज्या भिंतींवर कधी ऊन पडलं नव्हतं, त्यांचं शेवाळ भर दुपारी उघडं पडलं होतं. रस्त्याच्या कडेला बुंधे आडवे झाले होते: शिरीष, कडुनिंब, एक गुलमोहर. प्रत्येकावर आमचा टिनाचा फलक होता, लाल अक्षरांत: ‘हे झाड बोलू शकत नाही. तुम्ही बोला.’ झाडाबरोबर फलकही आडवा पडला होता. वाचायला मान वाकडी करावी लागत होती.

आमच्या गटात पत्रकं मी लिहिते. माझी भाषा चांगली आहे म्हणून नाही. राग सगळ्यांत जास्त मला येतो म्हणून. त्या संध्याकाळी घरी आले, चप्पलसुद्धा न काढता ओट्यापाशी बसले आणि लिहायला लागले. मथळा ठरलेलाच होता: ‘प्रत्येक फळी एक प्रेत आहे.’

आई भाजी चिरत होती. विळीवरूनच तिनं वाचलं.

‘हे काय लिहून राहिली वं?’

‘वाचलंस ना.’

‘वाचलं. फळी म्हणजे प्रेत. अन् ज्या कागदावर लिहून राहिली तो काहाचा बनते? मोसंबीच्या सालीचा?’

‘आई, मुद्दा तो नाही.’

‘मुद्दा तोच हाय. पेन्सिल, कागद, हा पाट, तुह्या आजोबाची पेटी. एवढी प्रेतं घरात घेऊन बसली तू, अन् तुले आज वास आला?’

आईशी भांडताना माझी अडचण अशी की ती आवाज चढवत नाही. शाळेत आयुष्य काढलेली बाई. निवृत्त झाल्यावर तिनं आमच्या विहारातली अभ्यासिका हातात घेतली. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथं आले, त्यांच्यासारखेच बरेच जण आले, आणि त्या सगळ्यांनी पोटाला चिमटा काढून हा विहार बांधला. खाली बुद्धमूर्ती आणि वंदनेची जागा, वर एक नवा हॉल. हॉल झाला, पंखे लागले, ट्यूबलाइट लागल्या. बसायला काही नव्हतं. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी सिमेंटच्या फरशीवर बसून, गुडघा उभा करून, गुडघ्यावर पुस्तक धरून वाचायची. थंडी सुरू झाली की एकेक जण गळायचा. ज्याच्या घरी परवडतं तो चौबे कॉलोनीकडच्या एसी लायब्ररीत जायचा. ज्याच्या घरी परवडत नाही तो घरी टीव्हीसमोर बसायचा, म्हणजे अभ्यास सोडायचा.

आईला टेबलं हवी होती. थंडी यायच्या आत हवी होती. एवढीच तिची मागणी होती आणि ती कुणाच्या पत्रकात नव्हती. माझ्याही नाही.

एका नेत्याच्या कानावर हे गेलं. त्यानं प्लॅस्टिकच्या खुर्च्या कबूल केल्या. खुर्चीच्या पाठीवर त्याचं नाव आणि हात जोडलेला फोटो छापून येणार होता. विहार समितीचे अध्यक्षकाका खूश. आई नाही.

‘पोट्ट्यांनी दिवसभर त्याच्या थोबाडाले पाठ टेकून बसायचं? अन् टेबल तर तो देतच नाही. खुर्चीवर बसा अन् मांडीवर लिहा, मग फरशी काय वाईट होती?’ हे ती घरात म्हणाली. समितीत ती काहीच म्हणाली नाही. समितीत तिच्या एकटीचं मत चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तर त्या संध्याकाळी विळी आडवी करून ती म्हणाली, ‘लाकूड दारात पडलं हाय, अन् तू रडून राहिली.’

मला ते अश्लील वाटलं. ज्या झाडांसाठी घसा फोडला त्यांचीच टेबलं करायची? मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं ते मनावर घेतलं नाही.

माझं मन फिरवलं ते आईनं नाही, ठेकेदाराच्या माणसानं. दुसऱ्या दिवशी तो हातात खडू घेऊन बुंध्या-बुंध्यावर फुली मारत चालला होता. मी विचारलं, हे कशाचं?

‘जलाऊ है दीदी. सब जलाऊ में चढ़ा है. सोमवार को गाड़ी आएगी.’

जळाऊ म्हणजे सरपण. आडवा पडलेला शिरीष माझ्या कमरेएवढा होता. कापलेल्या तोंडाला आत गडद तपकिरी गाभा आणि भोवती पांढरट कडं, जणू कुणी चहाच्या पेल्यात वरून पाहावं. ते सगळं भट्टीत जाणार होतं, विटा भाजायला. मला आधी राग होता तो तोडण्याचा. आता दुसरा राग आला, त्याच्याहून मोठा. तोडलं ते तोडलं, वर म्हणता हे जाळण्याच्याच लायकीचं होतं?

घरी जाऊन आईला म्हटलं, ‘टेबलं करू.’

ती म्हणाली, ‘आधी जेव.’

*

परवानगी नवा रायपूरला मिळते, म्हणून मी आणि गटातला माझा मित्र गेलो. मित्र मराठीच, पण मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतो. नव्या राजधानीचे रस्ते एवढे रुंद की पलीकडे जाताना मधेच विसावा घ्यावासा वाटतो, आणि बस मात्र क्वचित. उतरलो त्या थांब्यापासून कार्यालयापर्यंत चालताना दोन्ही बाजूंना लोखंडी पिंजऱ्यात रोपं होती. पिंजऱ्यावर पाटी, पाटीवर लावणाऱ्याचं नाव. पाटी रोपापेक्षा मोठी. मी मित्राला म्हटलं, ‘यांनी खरं तर पाट्याच लावल्यात.’

‘पानी भी पाटी को ही दे रहे होंगे,’ तो म्हणाला.

मी भाषण पाठ करून गेले होते. टेबलामागे एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी भाषण पहिल्याच वाक्यावर थांबवलं.

‘क्या बनाइएगा?’

‘टेबल. अभ्यासिकेसाठी. सार्वजनिक आहे, फी नाही.’

‘बनेगा उसमें?’

‘का नाही बनणार? बुंधा बघितलाय तुम्ही?’

त्या शांतपणे म्हणाल्या की रस्त्याकडेचं झाड कुठलीच आरा मिल, म्हणजे लाकूड चिरायची गिरणी, घेत नाही, म्हणून ते जळाऊत टाकतात. तुम्हाला कुणी चिरून देत असेल तर तसं लिहून आणा, न्या. पण सोमवारी सकाळी रस्ता मोकळा व्हायला हवा. जे तिथं उरेल ते ठेकेदाराच्या गाडीत.

एवढंच. भांडायला काही उरलंच नाही. परतीच्या बसची वाट पाहताना मी चिडलेलीच होते, आणि मित्र विचारत होता, ‘अब क्यों गुस्सा है? दे तो दिया.’

आरा मिल का घेत नाही, हे मी विचारलंच नव्हतं.

*

गुढियारीत लाकडाचा धंदा मोठा, कारण मालाचा धंदा मोठा. जिथं माल चढतो-उतरतो तिथं पेट्या लागतात, मालाखाली घालायचे लाकडी तराफे लागतात. आमच्या ओळखीच्या आरा मिलचे सेठजी कच्छी. तीन पिढ्या इथंच. मराठी सगळं कळतं, बोलतात आपल्या खिचडीत. आई गेली बोलवायला, कारण सेठजींच्या मुलीला तिनं शिकवलं होतं. ते स्कूटरवर आले, बिनबाह्यांचा स्वेटर घालून, आणि शिरीष पाहून एकदम खुलले. बुंध्याला प्रदक्षिणा घातली. हातानं गाभा चोळला.

‘बहुत बढ़िया माल है. मधला भाग टेबलाला, एकदम टॉप. पांढरं कडं काढून टाकायचं, त्याला कीड लागते. नीम का रॅक बनाओ, वाळवी हात नहीं लगाएगी.’

‘आणि गुलमोहर?’ मी विचारलं.

‘वो तो भाजी है, लाकूड नाही. सरळ असता तर प्लायवाल्याने नेला असता. मशीनवर गोल फिरवतात, पेन्सिल शार्पनरमधे फिरवतो ना, तसा, आणि कागदासारखा पातळ पापुद्रा निघत जातो. पापुद्र्यावर पापुद्रा चिकटवला की प्लाय. पण हा वाकडा आहे. याच्या टमाटरच्या पेट्या होतील.’

मी हे सगळं ऐकत होते आणि डोळ्यांसमोर टेबलं दिसत होती. तेवढ्यात सेठजींची नजर आमच्या फलकावर गेली. त्यांनी वाचला. मान वाकडी करून, पूर्ण. मग खिशातून चाकू काढून फलकाच्या कडेची साल खरवडली आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘ये किसने ठोका?’

त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं.

‘ताई, ही तुमचीच पार्टी ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘आधी दोऱ्यांनी बांधले होते. लोक फाडून न्यायचे. म्हणून मग खिळे.’

‘कितना बड़ा कील?’

मित्र खाली बघत म्हणाला, ‘पाँच इंची. मजबूत रहे करके.’

सेठजींनी कपाळाला हात लावला. आऱ्याचा पट्टा म्हणजे लांबच लांब पोलादी पातं, दोन चाकांवर फिरणारं. लाकडात खिळा असला की आधी दाते उडतात, मग पट्टाच तुटतो आणि चाबकासारखा सुटतो. समोर ट्रॉलीवर माणूस बसलेला असतो. म्हणून शहरातलं झाड ते चिरत नाहीत. ‘जंगल के पेड़ पर कोई भाषण नहीं ठोकता,’ ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारायला वळले.

झाड वाचवायला ठोकलेल्या खिळ्यांनी झाडाची रवानगी भट्टीत केली होती.  आई स्कूटरच्या आडवी उभी राहिली.

‘सेठजी, खिळे काढून दिले तर?’

‘दीदी, एक भी रह गया तो?’

‘तर नका कापू. एक जरी लोखंड निघालं तर बात खतम. आमचा शब्द.’

सेठजींनी आईकडे पाहिलं, मग बुंध्याकडे. शिरीषाचा मोह सुटत नव्हता. ‘सोमवारी पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉली पाठवतो,’ ते म्हणाले. ‘लिहून पण देतो. पर एक भी लोहा…’

‘बात खतम,’ आई म्हणाली.

*

मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यांत लहान. ‘रविवारी सकाळी या. पक्कड, हातोडा, पहार, जे असेल ते आणा. पडलेल्या झाडांतले खिळे काढायचे आहेत. त्याची अभ्यासिकेला टेबलं होणार. चहा आमच्याकडे.’ यात एकही विशेषण नव्हतं, एकाही सरकारचा निषेध नव्हता. मला ते अर्धवट वाटत होतं. मोर्चाला जेवढी माणसं आली नव्हती तेवढी त्या रविवारी आली.

पंक्चरवाला भैया टायर काढायच्या सळया घेऊन आला. समोरच्या मावशी नारळ सोलायची कोयती घेऊन आल्या आणि सगळ्यांना ती वापरून पाहायचा आग्रह करत होत्या. ज्या कोचिंग क्लासची पाटी जवळजवळ प्रत्येक झाडावर होती तो सरही आला, तोंड लपवत, आणि आपल्याच पाट्या मुकाट्यानं उपटायला लागला.

‘सर, यशाची गुरुकिल्ली फार खोल ठोकली तुम्ही,’ आई म्हणाली.

‘कारपेंटर ने ठोका मॅडम, मैंने तो सिर्फ पैसा दिया.’

खिळे फक्त आमचेच नव्हते, हे पाहून माझा जीव जरा भांड्यात पडला. तारा निघाल्या, होर्डिंगचे बोल्ट निघाले, कुणाच्या तरी सायकलची साखळी निघाली, मंडळाच्या लायटिंगचे आकडे निघाले. पण खरा घोळ वेगळा होता. दिसतात ते खिळे काढता येतात. जुन्या खिळ्यावर झाड साल चढवतं आणि वरून काहीच कळत नाही. तो प्रश्न शेजारच्या भाऊनं सोडवला. भाऊ मॉलच्या दारात सिक्युरिटीला आहे. डब्याच्या पिशवीतून त्यानं ते काळं दांडकं काढलं, जे आत जाणाऱ्यांच्या अंगावरून फिरवतात.

‘साहेबाले विचारून आणलं. दुपारच्या ड्युटीच्या आत परत पाहिजे,’ तो म्हणाला, आणि युनिफॉर्म नसतानाही युनिफॉर्ममधल्या आवाजात शिरीषाला म्हणाला, ‘चला, हात वर. मोबाईल, पाकीट, चाव्या बाहेर काढा.’

दांडकं सालीवरून फिरायला लागलं आणि टींव-टींव सुरू झालं. एकेका टींवला लोक धावत. भाऊ मधेच झाडाला दटावत होता, ‘सर, तुमच्या खिशात अजून काही तरी हाय.’ खिळा निघाला की त्याच्या जागी निळसर काळा डाग दिसायचा, शाई सांडल्यासारखा. लोखंडाचा गंज आणि लाकडाचा रस मिळून तसं होतं म्हणे. दुपारी भाऊ दांडकं घेऊन ड्युटीवर गेला तेव्हा सगळे बुंधे गप्प होते. खिळ्यांनी एक घमेलं भरलं होतं. आमचे पाच इंची त्यात वरच दिसत होते, नवेकोरे, चकचकीत.

*

सोमवारी मी ठेकेदाराच्या गाडीच्या आधी ट्रॅक्टर-ट्रॉली पोचली की नाही हे पाहायला उजाडतानाच उभी होते. पोचली. फांद्या आम्ही ठेकेदाराला सोडल्या, त्या खरंच जळाऊ होत्या. बुंधे मिलमध्ये गेले.

आऱ्याचा आवाज मला आधीपासून नकोसा. पत्रकांत मी त्याला ‘किंकाळी’ लिहायची. जवळून तो तसा नसतो. आधी गुणगुण, मग पातं लाकडात शिरलं की जाडसर एकसुरी घोघों. ट्रॉली रुळांवरून पुढे जाते, बुंधा पात्यातून जातो, आणि ट्रॉली मागे येते तेव्हा एक फळी अलगद बाजूला कलते. पहिली फळी सालीची, एका बाजूनं गोल. ती कुंपणाला जाते. दुसरी निघाली आणि मी पुढे झाले. आत असा रंग असेल असं मला वाटलं नव्हतं. गडद, मधेच सोनेरी पट्टे, ओलसर चमक. ज्या झाडाखाली मी रोज उभी राहून रिक्षाची वाट पाहिली, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग मला शिंक आली. मग मित्राला. मग ओळीनं सगळ्यांना. शिरीषाचा भुसा नाकात गेला की असंच होतं, ट्रॉलीवरचा माणूस तोंडाला गमछा बांधून हसत होता. भुसाही वाया जात नाही. तो खाली गोणीत पडत होता आणि मशरूम पिकवणारा एक जण तो न्यायला येऊन बसला होता.

कडुनिंब झाले, लालसर, कडू वासाचे. लहान शिरीष झाले. शेवटी उरला सगळ्यांत मोठा. त्याच्यातूनच लांब टेबलं निघणार होती. अर्धा बुंधा सरळ चिरला गेला. आणि मग एक आवाज झाला, ताटावर दगड आपटावा तसा. ट्रॉलीवरच्या माणसानं उडी मारली. कुणी तरी बटण दाबलं. पट्टा थांबला. पट्टा तुटला नव्हता, पण दाते एका ठिकाणी साफ उडाले होते. माणूस धडधाकट होता, शिव्या देत होता, म्हणजे ठीक होता.

सेठजी आले. त्यांनी चिरेत बोट घातलं. खिळा खूप खोल होता, वर हातभर जाडीचं लाकूड चढलेलं. भाऊच्या दांडक्याला तो कधीच कळला नसता. जाड, चौकोनी डोक्याचा, गंजून काळा पडलेला. आमच्या सगळ्यांच्या जन्माआधीचा.

‘ये हमारा नहीं है!’ मित्र एवढ्या जोरात ओरडला की सेठजींसकट सगळे हसले.

‘हां भाई. मेरे बाप के जमाने का है. किस पर केस करूँ?’ मग ते एकदम गंभीर झाले. ‘पण पट्टा गेला ना.’

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे मुद्दे तयार होते: नकळत घडलंय, आम्ही पूर्ण प्रयत्न केला, हा सार्वजनिक उपक्रम आहे. आईनं माझा दंड धरला.

‘सेठजी, आपलं बोलणं झालं होतं,’ ती म्हणाली. ‘एक लोखंड निघालं तर बात खतम. निघालं. आम्ही चिरलेलं तेवढं घेऊन जातो.’

आणि ती खरंच फळ्या उचलायला वाकली. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता.

सेठजींनी ट्रॉलीवरच्या अर्ध्या बुंध्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘दीदी, आधा चीरके कौन छोड़ता है? उरलेला बुंधा माझ्या ट्रॉलीवर काय लोणच्याला ठेवू?’ माणसाला हाक मारली, ‘दूसरा पट्टा चढ़ा.’

माणूस म्हणाला, ‘हव.’

खिळ्याच्या दोन्ही बाजूंनी बुंधा आडवा तोडला, तो तुकडा फेकला. उरलेल्याच्या फळ्या निघाल्या, पण आखूड. त्या टेबलाला पुरणार नव्हत्या. स्टुलांना पुरणार होत्या.

*

मी सुताराला फोन लावायला निघाले, तर सेठजी म्हणाले, ‘अभी टेबल बनाओगे तो गर्मी में केले जैसा मुड़ेगा.’ लाकूड ओलं होतं. सावलीत, वाऱ्यावर, फळी-फळीत बारीक पट्ट्या ठेवून चळत रचायची. टोकांना रंग लावायचा, नाही तर टोकाकडून आधी सुकून तडे जातात. वर वजन ठेवायचं. आणि उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायची.

उन्हाळ्यापर्यंत! थंडी दारात होती. नेत्याच्या खुर्च्यांचा टेम्पो त्याच आठवड्यात यायचा होता. एवढं करून पोरं त्याच्याच फोटोला पाठ टेकणार. मी आईला म्हटलं, हरलो आपण.

‘फळ्या ठेवायच्या कुठं, ते सांग,’ आई म्हणाली.

सावली आणि वारा असलेली, रिकामी, मोठी जागा आमच्याकडे एकच होती. फळ्या वर हॉलमध्ये चढल्या. आई रचणाऱ्यांच्या मागे उभी राहून सांगत होती: ही चळत एवढीच, पुरे. आता ही दुसरी, अजून वर, अजून थोडी. भिंतीपासून भिंतीपर्यंत अशा जोड्या रचल्या. मला वाटलं तिला मोजमाप कळत नाही.

खुर्च्यांचा टेम्पो आला तेव्हा अध्यक्षकाका जिन्यानं वर आले आणि दारातच थांबले.

‘अहो बाई, इथं पाय ठेवायले जागा नाही. खुर्च्या कुठं मांडू?’

‘हो न काका,’ आई म्हणाली. ‘मले हे सुचलंच नाही पाहा. आता हलवल्या तर लाकूड वाकते म्हंतात. तुम्हीच सांगा काय करू?’

काकांनी आईकडे पाहिलं. ते काही भोळे नाहीत. मग खाली जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाले, ‘भैया, ऊपर काम चालू है.’ खुर्च्या कुठल्याशा दुसऱ्या हॉलला गेल्या. आई आजतागायत कुणाला नाही म्हणालेली नाही.

‘वर वजन ठेवायचं म्हणाले होते सेठजी,’ मी आठवण केली. ‘दगड आणू?’

‘दगड काहाले? पोट्टे हायेत ना.’

मग मला दिसलं. बुटकी चळत बसायला, उंच चळत पुस्तक ठेवायला. तिनं सगळं त्याच उंचीचं रचलं होतं. वर जुन्या चादरी घातल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं-पोरी फळ्यांवर बसून फळ्यांवर वाचायला लागली. त्यांच्या वजनानं फळ्या सरळ राहिल्या, त्यांच्या पंख्यानं सुकल्या. थंडीत कुणी गळालं नाही. उलट वाढले. कडुनिंबाच्या वासानं डोकं दुखतं अशी तक्रार एकीनं केली, डास येत नाहीत असं दुसरीनं सांगितलं. सुकताना फळी कधी कधी टक्कन वाजते. आधी सगळे दचकायचे. मग कुणीही मान वर करेनासं झालं.

उन्हाळ्यात सुतार आला. तो एरवी प्लाय आणि सनमायकाचंच काम करतो. रंधा मारल्यावर ते काळे-निळे डाग आणि खिळ्यांची भोकं वर आली, तेव्हा म्हणाला, वरून सनमायका मारून टाकतो, काही दिसणार नाही. ‘राहू द्या,’ मी म्हटलं. भोकं तेवढी भुशात सरस कालवून बुजवली. डाग आहेत. काही फळ्या सांभाळूनही वाकल्या, त्यांचं रॅक झालं आणि ते जरा तिरकं आहे.

झाडं तोडली ते चूकच होतं. रस्ता रुंद झाला आणि त्यावर आता गाड्या उभ्या असतात. टेबलं चांगली झाली म्हणून मी ते माफ केलेलं नाही, करणारही नाही. पुढच्या रस्त्याची आखणी सुरू आहे असं कळलंय. तिथं अर्जुनाची जुनी झाडं आहेत, आणि या वेळी मापं घ्यायला माणूस यायच्या आत आम्ही दारोदारी जाऊन बसलोय. त्या रविवारी पक्कड घेऊन आलेले बरेच जण सोबत आहेत. कोचिंगचे सरसुद्धा.

त्याचंच पत्रक मी परवा अभ्यासिकेत बसून लिहीत होते. लांब टेबल, खिडकीकडची जागा, कोपराखाली एक शाईसारखा डाग. आई रॅक पुसत होती. माझ्या खांद्यावरून तिनं वाचलं.

‘फलक कशानं लावणार?’

‘सुतळीनं.’

‘लोक फाडतील.’

‘परत बांधू.’

ती परत रॅक पुसायला गेली. मी मथळा तिसऱ्यांदा खोडत होते, तेवढ्यात एक मुलगी पुस्तकांचा ढीग छातीशी धरून शेजारी येऊन उभी राहिली. पाठीला बॅग, कपाळावर घाम.

‘दीदी, आप पढ़ नहीं रहे हो ना? जगह दे दो. मेरा परसों पेपर है.’

मी हॉलभर पाहिलं. एकही स्टूल रिकामं नव्हतं. कागद गोळा केले आणि पत्रक पुरं करायला खाली पायरीवर जाऊन बसले.